तंजावरचा पाहुणा आणि डोक्यात फुटलेली रक्तवाहिनी

तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या धन्वंतरी महालाचा विषय निघाला की आपण डोळ्यांच्या शस्त्रक्रियांवर बोलतो. बोलायलाच हवं. रोग्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रं काढून ठेवलेली ती टिपणं सरस्वती महालात आजही आहेत. पण आज मला राजांच्या एका पाहुण्याबद्दल सांगायचं आहे.

रेजिनाल्ड हेबर, कलकत्त्याचा बिशप. १८२६ चा ईस्टर, म्हणजे २६ मार्च, त्यानं तंजावरात साजरा केला आणि दोन दिवसांनी राजवाड्यात जाऊन सरफोजींची भेट घेतली. हा मराठी राजा लॅव्हॉझिए, लिनिअस, बुफाँ यांचे दाखले सहज देतो, हे पाहून बिशप थक्क झाला. तसं त्याने लिहूनही ठेवलं आहे. श्वार्ट्झसारख्या मिशनऱ्याच्या हाताखाली शिकलेल्या राजाबद्दल एवढं नवल का वाटावं, असं मला वाटतं. पण ते असो.

तिथून तो तिरुचिरापल्लीला गेला. अंतर जेमतेम ५५ किलोमीटर. ३ एप्रिलला सोमवारी भल्या सकाळी किल्ल्यातल्या चर्चमध्ये त्यानं तमिळ ख्रिस्ती लोकांसाठी विधी केला, उन्हानं शिणून परतला, आणि आंघोळीला थंड पाण्याच्या कुंडात उतरला. बाहेर काढला तो निष्प्राण. वय ४२. सोबत्यांनी मृत्यूचं कारण नोंदवलं ते मेंदूतली रक्तवाहिनी फुटल्याचं, आणि दोष दिला तापलेल्या अंगावर पडलेल्या गार पाण्याला.

गार पाण्यानं रक्तदाब एकदम चढतो, हे खरंच आहे. पण निरोगी वाहिनी तेवढ्यानं फुटत नाही. वर्षानुवर्षं चढलेल्या दाबानं बारीक वाहिन्या झिजतात, किंवा एखाद्या मोठ्या वाहिनीला फुगा आलेला असतो. हा फुगा फुटला तर माणूस मिनिटांत जाऊ शकतो. हेबरच्या बाबतीत माझा कल या फुग्याकडे आहे.

आपल्याकडे म्हणतात, ‘अंगावरून वारं गेलं’. दोष वाताचा. युरोपात १६५८ मध्ये योहान वेप्फर यांनी मृतांची डोकी उघडून पाहिली आणि काही झटक्यांमागे मेंदूत साचलेलं रक्त असतं, हे दाखवून दिलं. तरी दीडदोनशे वर्षं उपाय काय? शीर कापून रक्त काढायचं! विचार अगदीच वेडा नव्हता. डोक्यातला जोर कमी करायचा होता. पण किती कमी झाला, हे मोजायचं कशानं? दंडाला बांधायचा पट्टा रिवा-रोची यांनी आणला तो १८९६ मध्ये.

आता त्या रक्ताचं पुढे काय होतं, ते जरा सावकाश बघू, कारण खरी गोष्ट इथेच आहे. कवटी म्हणजे झाकण घट्ट बसवलेला डबा. आत रक्त शिरलं की मेंदू दाबला जातो. हा पहिला घाव. पहिल्या काही तासांत बऱ्याच रोग्यांमध्ये हा साका आणखी वाढतो. दुसरा घाव मात्र दबक्या पावलांनी येतो. साकळलेलं रक्त विरघळू लागतं, तांबड्या पेशी फुटतात, हिमोग्लोबिनमधलं लोह मोकळं होतं आणि शेजारच्या चांगल्या पेशींना जाळत सुटतं. भोवती सूज येते आणि ती कित्येक दिवस वाढत राहते. म्हणून ‘काल बोलत होते, आज ओळखेनात’ असं घडतं. मेंदूही गप्प बसत नाही. त्याच्या सफाई करणाऱ्या पेशी हा राडा गिळू लागतात, काही प्रथिनं लोहाला धरून बांधून ठेवतात. लोह पकडणारं औषध देऊन या कामाला हात लावावा, असाही प्रयत्न झाला. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत त्याचा अपेक्षित फायदा दिसला नाही.

फायदा दिसला तो अगदी साध्या गोष्टींनी. २०२३ मध्ये भारतासह दहा देशांतल्या ७,००० हून अधिक रोग्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वरचा रक्तदाब तासाभरात १४० च्या खाली आणायचं उद्दिष्ट, साखर आणि ताप आवाक्यात, रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा असर उतरवणं. हे सगळं एकत्र आणि झटपट. सहा महिन्यांनी ही माणसं तुलनेनं सावरलेली होती.

म्हणून एक सांगतो. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली, की घरात गोळी शोधत बसू नका. रक्ताची गुठळी अडकली आहे की वाहिनी फुटली आहे, हे बाहेरून कळत नाही, आणि फुटली असेल तर अॅस्पिरिननं नुकसान होऊ शकतं. हा फरक सीटी स्कॅन दाखवतो. त्यात ताजं रक्त पांढरं दिसतं. पहिल्या रोग्याच्या डोक्याचा असा स्कॅन लंडनमध्ये १ ऑक्टोबर १९७१ ला झाला.

हेबरला तिरुचिरापल्लीच्या सेंट जॉन्स चर्चमध्ये पुरलं. सरफोजीराजे त्यानंतर सहा वर्षांनी, १८३२ मध्ये वारले. पुढच्या भागात तंजावरच्या मोडी कागदांकडे वळू.