सत्तरीचे जाते आणि वाळपईची गिरण

वाळपईचे नाव इतिहासात येते ते बंडांमुळे. २६ जानेवारी १८५२ रोजी दीपाजी राणे यांनी शेजारचा नाणूसचा किल्ला घेतला, १८९५ साली दादा राणे उठले, आणि पोर्तुगीज दप्तरांनी त्याची नोंद ठेवली. त्या बंडकऱ्यांच्या भाकरीचे पीठ ज्या दगडांवर पडले, त्यांची नोंद कोणी ठेवली नाही.

सत्तरीच्या डोंगरउतारावर कुमेरीची नाचणी, म्हादईकाठी भात. भाताच्या वाट्याला घिरट आणि मुसळ. नाचणीच्या वाट्याला जाते, ज्याला इकडे दांते म्हणतात. खालची तळी स्थिर, वरची पाळी फिरती, मधल्या तोंडात मूठमूठ वैरण घालायची. दगड गुळगुळीत झाले की पाथरवटाकडून टाकी लावून घ्यायची, नाहीतर दाणा नुसता भरडला जातो. कोंबडा आरवण्याआधी उठून सासूसुना समोरासमोर बसत. एकच खुंटा, दोन हात. माझ्या आजीच्या उजव्या तळव्याला त्या खुंट्याचा घट्टा होता. तो शेवटपर्यंत गेला नाही.

मग गिरण आली. विजेच्या आधी खेड्यांतल्या गिरण्या तेलाच्या इंजिनावर चालत, आणि इंजिनाच्या कहाणीत आपल्या बेळगावचाही वाटा आहे. १८८८ साली तिथे सायकलींचे दुकान काढणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर १९१० साली किर्लोस्करवाडीला गेले. त्याच घराण्याचा तेल-इंजिनांचा कारखाना १९४६ साली पुण्यात निघाला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, पुढच्या दशकांत वीज एकेका गावी पोचली, आणि इंजिनाच्या टुकटुकीची जागा मोटारीच्या घरघरीने घेतली. तासाभराचे दळण काही मिनिटांत होऊ लागले. डब्यांची रांग, पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवयांचा गिरणवाला, फडफडणारा पट्टा आणि हातात येणारे गरम पीठ हे वाळपईला दळण घेऊन आलेल्या कोणालाही वेगळे सांगायला नको.

इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील अँटिपॅटर या ग्रीक कवीने पाणचक्कीचे स्वागत केले ते दळणाऱ्या मुलींना आता पहाटेची झोप मिळेल म्हणून. आपल्याकडे मात्र गिरण आली म्हणजे ओवी गेली, असा गळा काढायची रीत पडली. गळा काढणारे बहुतेक पुरुष. खुंटा त्यांनी कधी धरलेला नसतो. (मीही त्यांतलाच.) नुकसान खोटे नव्हे. घरात कोकणी बोलणारी बाई जात्यावर बसली की तिच्या तोंडी मराठी येई, आणि माहेर, दीर, विठोबा, सासूचा जाच असे जे दिवसा बोलता येत नसे, ते तिथे निघे. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हाँ यांनी महाराष्ट्रात अशा लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आपल्या सत्तरीत केरीच्या पौर्णिमा केरकर यांनी लोकगीतांसाठी गावे पालथी घातली. पण हे संकलन व्हावे म्हणून कोणी आणखी चाळीस वर्षे पहाटे उठावे, असे मला म्हणवत नाही. आजीला एकदा विचारले, जात्याची आठवण येते का. ती म्हणाली, "हाताक येता."

जाते अजून पडवीच्या कोपऱ्यात आहे. घरात लग्न निघाले की ते धुऊन पुसून मांडतात, खुंट्याला आंब्याची पाने बांधतात, आणि पाच सुवासिनी मूठभर हळद दळतात. उरलेली हळद गिरणीत जाते.