एरोइका मार्ग
इटलीच्या तोस्काना प्रांतातील खडीच्या पांढऱ्या वाटांचा सायकलमार्ग. लांबी सुमारे २०९ किमी. कियांती टेकड्यांतील गायोले गावातून निघून तो वर्तुळाकार तिथेच परततो. वाटेत ब्रोलिओचा किल्ला, द्राक्षमळे, सुरूच्या रांगा आणि मोन्तालचीनो हे डोंगरमाथ्यावरचे तटबंदीचे गाव लागते. सिएनाच्या आग्नेयेस क्रेते सेनेसीचा उघडाबोडका चिकणमातीचा टापू येतो. मार्गाचे खरे सौंदर्य इथेच आहे, आणि खरी दमछाकही. मोन्ते सान्ते मारीए येथील चढ तर भल्याभल्यांना सायकलवरून उतरायला लावतात. १२६० मध्ये सिएनाने फ्लॉरेन्सचा पराभव केला ते मोन्तापेर्तीचे रणक्षेत्र याच परिसरात आहे.

या पांढऱ्या वाटा डांबराखाली जाऊ नयेत, या तळमळीतून जानकार्लो ब्रोच्ची यांनी १९९७ मध्ये ‘लेरोइका’ ही सायकलफेरी सुरू केली. तिच्यात साधारणतः १९८७ पूर्वीच्या बनावटीच्याच सायकली चालतात: गिअरच्या कळा खालच्या नळीवर, पायडलला पट्टे. रस्ता वाचवण्यासाठी लोकांना त्यावर आणणे, हा उपाय मोलाचा ठरला. २००७ पासून सिएना परिसरातील अशाच वाटांवर व्यावसायिकांची ‘स्त्रादे बियांके’ शर्यतही होते. मार्गावर कायमस्वरूपी दिशाफलक असल्याने तो वर्षभर कुणालाही स्वतंत्रपणे करता येतो. पावसानंतर मात्र चिकणमाती चाकांना घट्ट धरते.