रागाचं घड्याळ

‘राग आला आणि भान राहिलं नाही.’ हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकतो, की ते खरं आहे का हे तपासायचं राहूनच जातं. पार्किंगवरून हाणामारी, लोकलमध्ये चौथ्या सीटवरून धक्काबुक्की, ओव्हरटेक केलं म्हणून फोडलेली काच, खुलासा हाच. मी पडलो इंजिनिअर. राग कुणी मोजून पाहिलाय का, हे शोधायला गेलो आणि भारतीय दंडसंहितेपाशी पोचलो.

मेकॉलेच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने तिचा मसुदा १८३७ साली दिला. कायदा झाला १८६० साली, लागू झाला १८६२ साली. त्यात रागाचं चक्क दरपत्रक आहे. साधी दुखापत केली तर कलम ३२३ खाली एक वर्षापर्यंत कैद. तीच ‘गंभीर आणि आकस्मिक’ प्रक्षोभामुळे केली, तर कलम ३३४ खाली महिनाभरापर्यंत. अशाच प्रक्षोभात हातून जीव गेला, तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध. पण सवलतीला अटी आहेत. भांडण आपणच उकरून काढलेलं नको. आणि सरकारी नोकराने कायद्याने दिलेलं काम केलं म्हणून आलेला राग, खुनाच्या बाबतीत, हिशेबात धरत नाहीत.

या दरपत्रकाची सगळ्यात गाजलेली परीक्षा मुंबईत झाली. २७ एप्रिल १९५९. नौदलातले कमांडर कावस नानावटी यांना पत्नीने प्रेम आहुजाशी असलेल्या संबंधांबद्दल सांगितलं. त्यांनी पत्नीला आणि मुलांना मेट्रो सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर घेतलं, आहुजाच्या ऑफिसात चौकशी केली, मग त्याच्या घरी गेले. आहुजा गोळ्या लागून मेला. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरवलं. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिक त्यांच्या बाजूने होतंच, गर्दीही होती. न्यायाधीशांना तो निकाल पटला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि तिथे जन्मठेप झाली.

२४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. लॉग फाईल वाचावी तसा न्यायालयाने तो दिवस वाचला. दुपारी दीडला घर सोडलं, गोळ्या झाडल्या त्या चार-वीसला. मधल्या जवळजवळ तीन तासांत माणूस भानावर यायला हवा, आणि मधली सगळी कामं त्याने भानावर राहूनच केली होती.

इथपर्यंत मला घड्याळ पटतं. पण त्याच निकालात दुसरी कसोटी आहे: आरोपीच्याच सामाजिक वर्गातला वाजवी माणूस त्या जागी असता, तर त्याचा तोल गेला असता का? म्हणजे राग माणसाच्या पायरीप्रमाणे तोलायचा. नानावटींची पायरी वरची होती. १९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांना माफी दिली.

पायरीचा हा हिशेब रोजच्या रागातही दिसतो. आमच्या सोसायटीच्या गेटवर पाहुण्याची नोंद मागितली म्हणून वॉचमनवर ओरडणारे गृहस्थ मी पाहिलेत. त्याच गृहस्थांना रस्त्यात हवालदाराने लायसन्स मागितलं, की ते ‘साहेब, साहेब’ करतात. नोंद मागणं हे वॉचमनचं कामच, पण त्याच्या अंगावर सरकारी गणवेश नाही. डिलिव्हरी बॉयला दहा मिनिटं उशीर झाला की भान सुटतं; मॅनेजरने मीटिंग तासभर लांबवली तरी ते शाबूत असतं. सुटलेल्या भानाला समोरच्याची पायरी बरोबर ओळखता येते, हे विशेषच म्हणायचं.

१ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. कलमांचे आकडे बदलले, प्रक्षोभाची सवलत राहिली. ती काढावी असं मला वाटत नाही. माणूस खरोखर कोलमडतो असे क्षण असतात. पण ‘भान राहिलं नाही’ म्हणणाऱ्याला न्यायालय विचारतं, मध्ये किती वेळ गेला? आपण आणखी एक विचारावं: समोर तुमचा साहेब असता, तरी हेच झालं असतं का?