बारा वर्षे आणि एक्केचाळीस वर्षे

आमचे खापर गाव गुजरातच्या हद्दीजवळ. ११ जुलै १९९७ ला मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात गोळीबार झाला, तेव्हा ते धुळे जिल्ह्यात होते. पुढल्या वर्षी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, नव्या कचेऱ्या आल्या. गोळीबाराच्या खटल्याचा निकाल मात्र मे २००९ मध्ये लागला.

त्या सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. दलित वस्ती रस्त्यावर आली. राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि दहा माणसे गेली. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, असे पोलिसांचे म्हणणे. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला.

इथेच आपली गल्लत होते. आयोगाचा अहवाल म्हणजे निकाल नव्हे. आयोगाला शिक्षा देता येत नाही. न्यायालयात पुरावा पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागतो. दरम्यान साक्षीदार म्हातारे होतात, घरे बदलतात, काही तर जगातूनच जातात. अखेर फौजदार मनोहर कदम यांना सदोष मनुष्यवधासाठी जन्मठेप झाली. त्यांनी अपील केले, जामीनही मिळाला.

अमेरिकेतली कथा याहून लांबली. मिसिसिपी राज्यात २१ जून १९६४ च्या रात्री जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वर्नर या तीन कार्यकर्त्यांना वर्णद्वेष्ट्यांनी मारले. काळ्या लोकांची मतदार नोंदणी व्हावी म्हणून ते झटत होते. प्रेते ४४ दिवसांनी मातीच्या बांधात सापडली. राज्याने खुनाचा खटलाच भरला नाही! केंद्राने नागरी हक्कभंगाच्या कटाचा खटला भरला. त्यात १९६७ मध्ये एडगर रे किलन सुटला, कारण धर्मोपदेशकाला दोषी ठरवायला एक ज्युरर तयार होईना. तिकडे उपदेशकाच्या झग्याला जो मान, तो आपल्याकडे खाकी वर्दीला मिळतो, असे मला वाटते.

किलन दोषी ठरला तो २१ जून २००५ ला, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. तोही खुनासाठी नव्हे, सदोष मनुष्यवधासाठी. शिक्षा साठ वर्षांची. साक्षीला चेनीची आई आली होती. ती ब्याऐंशी वर्षांची होती. मुलगा गेला तेव्हा एकवीस वर्षांचा होता.