कल्याणच्या समुद्रवाटेवरील पहारा

नगरहून कल्याणकडे जाणारा रस्ता आणे गावाजवळ जुन्नर तालुक्यात शिरतो. पर्जन्यछायेतील हे कोरडे पठार. समुद्राशी त्याचा काही संबंध असेल, अशी शंकाही येथील वाटसरूस येऊ नये. परंतु येथून पश्चिमेस जुन्नर, जुन्नरपलीकडे नाणेघाट आणि घाटाखाली उतरल्यावर कल्याणची खाडी, अशी देशावरचा माल समुद्रास पोहोचविणारी वाट दोन हजार वर्षांपूर्वी वाहती होती. ही वाट एकदा ओस पडली ती दरडीमुळे नव्हे, दरोडेखोरांमुळेही नव्हे, समुद्रावरील पहाऱ्यामुळे.

नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, आणि घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण जकातीसाठी होता असे परंपरा सांगते. जुन्नरच्या लेण्यांतील दात्यांत इरिल, चिट आणि चंद अशी तीन यवनांची नावे कोरलेली आहेत; पैकी इरिलाने दोन पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी, दान दिली. परदेशी मनुष्य परक्या डोंगरात टाकी खोदवितो, तेव्हा त्या प्रदेशाशी त्याचा संबंध एका खेपेपुरता नसावा, असे मानण्यास हरकत नाही.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांचा वृत्तांत लिहिला. ‘पेरिप्लस’ या नावाने तो प्रसिद्ध आहे. कल्याणविषयी तो सांगतो की, थोरल्या सारगन राजाच्या काळी हे रीतसर व्यापाराचे बंदर होते. पुढे ते संदनाच्या हाती गेल्यावर तेथील व्यवहारास फार अडथळा झाला, आणि एखादे ग्रीक जहाज तिकडे आलेच तर ते पहाऱ्यात भरुकच्छास, म्हणजे भडोचेस, नेले जाई. हा संदन कोण, याविषयी विद्वानांत एकमत नाही. भडोच मात्र त्या वेळी क्षत्रपांच्या ताब्यात होते. म्हणजे जहाजास लाभणारी सशस्त्र सोबत संरक्षणाची होती, आणि जकात दुसऱ्याच्या पेटीत पडू न देण्याची व्यवस्थाही तीच होती.

याच ग्रंथात भडोचेच्या खाडीचे वर्णन आहे. वाळूचे दांडे आणि भरतीचा प्रचंड वेग यांमुळे ती खाडी धोक्याची; म्हणून राजाच्या चाकरीतील कोळी मोठ्या होड्या घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात आणि जहाजे सुखरूप आत आणीत. बंदर अवघड, पण राजसत्तेची सोबत खात्रीची. कल्याणची स्थिती नेमकी उलट झाली. परिणाम असा की, पैठणचा गोमेद आणि तेरचे कापड अवघड वाटांनी गाड्यांवर घालून भडोचेस जाऊ लागले. पैठणहून भडोचेस वीस दिवस लागत, असे पेरिप्लसकार नोंदवितो. नाणेघाट त्याहून कितीतरी जवळ. पण व्यापारी अंतर मोजीत नाही, माल पोहोचण्याची शाश्वती मोजतो.

राज्ये मात्र बदलत राहिली. क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा ४६ व्या वर्षाचा लेख जुन्नरलाच आहे. म्हणजे घाटमाथाही काही काळ क्षत्रपांकडे होता. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे सापडलेल्या नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांपैकी बहुतेकांवर सातकर्णीचे ठसे पुन्हा उमटविलेले आहेत. जुन्नरच्या वाण्यास हे सारे आधी ताडावे लागत असणार: येत्या हंगामात समुद्रावर कोणाच्या नौका फिरतील, आणि त्या आपल्या मालाला सोबत देतील की त्याला वळवून नेतील?

हे ताडण्याचे साधन धोक्याच्या मोजमापात सापडत नाही. १६९५ साली हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने औरंगजेबाचे ‘गंज-इ-सवाई’ हे जहाज लुटले. चाच्यांचे भय त्यापूर्वीही होतेच. परंतु बादशहाने सुरतेच्या इंग्रजांस अटकेत टाकले, व्यापार थांबविला, तेव्हा कोठे युरोपीय कंपन्यांस आरमारी सोबतीचे महत्त्व पटले! त्या शतकाच्या अखेरीस इंग्रज, डच आणि फ्रेंच यांनी समुद्राचे भाग वाटून घेऊन पहारा पत्करला; मक्केच्या यात्रेकरूंच्या जहाजांस सोबत देणे डचांकडे आले. नकार देणे सोबतीपेक्षा महाग पडू लागले, एवढेच घडले होते.

कान्होजी आंग्रे आणि मुंबईकर इंग्रज यांच्या वादाचे मूळही ‘आपले जहाज कोणते’ या प्रश्नातच होते. १७१३ च्या तहाने कंपनीच्या जहाजांस अभय मिळाले. पुढे मुंबईच्या खासगी व्यापाऱ्यांच्या गलबतांनाही हेच अभय लागू असल्याचे इंग्रज म्हणू लागले. कान्होजीस ते मान्य नव्हते, कारण त्याचे दस्तक न घेता कोणी कोकणच्या समुद्रात फिरावे, हे त्याच्या सत्तेस बाधक होते. १७१८ साली खांदेरीवर आणि १७२१ साली पोर्तुगीजांस घेऊन कुलाब्यावर इंग्रजांनी केलेल्या स्वाऱ्या फसल्या.

निशाणावरून अंदाज बांधणेही आता पुरत नाही. ऑक्टोबर २००८ पासून भारतीय नौदलाने एडनच्या आखातात ज्या जहाजांना सोबत दिली, त्यांत परकीय ध्वजांची जहाजे पुष्कळ होती. पण त्यांपैकी कित्येकांवरील खलाशी भारतीय होते. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा अमेरिकेने अनेक राष्ट्रांच्या संयुक्त पहाऱ्याची घोषणा केली. ती ऐकूनही मोठ्या जहाज कंपन्यांनी आपली जहाजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून नेली, आणि २०२४ च्या हंगामात महाराष्ट्राची द्राक्षे युरोपास पोहोचली ती बहुतांशी त्याच लांबच्या वाटेने.