‘पेगन’ : एका संज्ञेचे अर्थांतर

‘पेगन’ या संज्ञेचे ‘मूर्तिपूजक’ असे भाषांतर करून आपण बहुधा मोकळे होतो. मूळ लॅटिन ‘पागानुस’मध्ये मात्र मूर्तीही नाही आणि पूजाही नाही. ‘पागुस’ म्हणजे ग्रामीण परगणा. तेथील रहिवासी तो ‘पागानुस’. पुढे रोमन लष्कराच्या बोलीत सैनिक नसलेल्या माणसाला हाच शब्द लागू झाला. टॅसिटसच्या इतिहासग्रंथात एक सेनापती आपल्याच सैनिकांना या शब्दाने डिवचतो.

चौथ्या शतकात त्याला ‘ख्रिस्तीतर’ हा अर्थ प्राप्त झाला; तो कसा, याविषयी मतभेद आहेत. जुने देव खेड्यापाड्यांत टिकले म्हणून, असे ओरोसियसने इ.स. 417च्या सुमारास सुचविले. परंतु इ.स. 384मध्ये विजयदेवतेच्या वेदीसाठी सम्राटाकडे रदबदली करणारा सिमाकस हा खुद्द रोमचा नगरप्रमुख होता; त्याला खेडवळ कसे म्हणावे? ख्रिस्ताचे ‘सैनिक’ नसलेले ते ‘पागानुस’, ही थिओडोर त्सान यांची 1899मधील उपपत्ती आकर्षक खरी. तथापि, शब्दाचा गाभा ‘आपल्या गटाबाहेरचा’ एवढाच आहे, हे क्रिस्टीन मोरमान यांचे मत अधिक ग्राह्य वाटते. गावकरी काय किंवा बिनलष्करी काय, दोन्ही अर्थ बोलणाऱ्याच्या स्थानावरूनच ठरतात. ग्रीकभाषक पूर्वेत याच लोकांना ‘हेलेन’ म्हणत, आणि सम्राट जूलियनने ते नाव अभिमानाने मिरविले.

वर्ड्‌सवर्थच्या 1807मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुनीतात पेगन असणे ही हळहळीची, जवळजवळ हेव्याची गोष्ट होते. विसाव्या शतकात तर ब्रिटनमधील काही पंथीयांनी हे नाव स्वतःहून स्वीकारले. 1971मध्ये ‘पेगन फेडरेशन’ स्थापन झाले.

आपल्याकडील ‘पाषंड’ शब्दाचा प्रवास नेमका उलट आहे. अशोकाच्या बाराव्या शिलालेखात राजा सर्व ‘पासंडां’चा, म्हणजे संप्रदायांचा, सन्मान करतो, मनुस्मृती पाषंड्यांचा वाचेनेही सत्कार करू नये असे बजावते. तरीही ‘पाखंडी’ हा ‘पेगन’चा पर्याय होऊ शकत नाही. पाखंडी हा आपल्यातूनच फुटलेला असतो, पेगन मुळातच बाहेरचा. ‘मूर्तिपूजक’ हा पर्याय आचार सांगतो, पण बोलणाऱ्याची जागा पुसून टाकतो. म्हणून ओरोसियसच्या ग्रंथनामात ‘ख्रिस्तीतर’ आणि वर्ड्‌सवर्थच्या सुनीतात ‘पेगन’ असे निरनिराळे शब्द योजणे भाग आहे, मग भाषांतरात एकवाक्यता राहिली नाही तरी चालेल.