न्यायसभा आणि रंगभूमि

वकिलानें नटापासून कांहीं शिकावें असें म्हटल्यास पुष्कळ सभ्य गृहस्थ नाक मुरडतात. पण हें खूळ नवें नव्हे. प्लूटार्क सांगतो कीं, रोमचा श्रेष्ठ वकील सिसरो यानें भाषणाच्या अभिनयाकडे लक्ष पुरविलें तें रॉशिअस व ईसप या नटांना आदर्श मानून. उलट हेच दोघे नट होर्टेन्सिअस वकिलाचे हावभाव टिपण्यास न्यायसभेंत येऊन बसत, अशी आख्यायिका आहे.

मात्र मर्यादा सुटली कीं हंसें होई. इ. स. पू. ६२ मध्यें सुल्लाच्या खटल्यांत प्रतिपक्षानें याच होर्टेन्सिअसला एका नर्तकीच्या नांवानें हिणविलें. म्हणूनच पुढें क्विंटिलियननें शुद्ध उच्चार नटाकडून शिकण्यास संमति दिली, पण रंगभूमीवरचे चाळे वर्ज्य ठरविले.

तरीही ही विद्या केवळ शोभेची नव्हे. इ. स. पू. ५२ मध्यें मायलोच्या बचावास उभा राहिलेला सिसरो सैनिकांचा पहारा व जमावाचा गोंगाट यांनीं गांगरला. मायलो हद्दपार होऊन मॅसिलियास गेला. सिसरोनें मागाहून लिहिलेलें उत्कृष्ट भाषण वाचून, हें असेंच बोललें गेलें असतें तर येथले चविष्ट मासे आपणांस लाभले नसते, असें तो म्हणाल्याचें डायो नमूद करतो. या विनोदांतील कडवटपणा आम्हांस विसरवत नाहीं. नटाचा स्वर चुकला तर एक प्रयोग पडतो. वकिलाचा चुकला तर अशिलाचें घर सुटतें.